खोक्याचा दुमडलेला कान

"खोका कुठे गेला?"

तिखट एवढ्या जोरात ओरडली, की जिना उतरणारे पोस्टमनकाका दचकून पुन्हा दोन पायऱ्या वर चढले. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत काल संध्याकाळी ठेवलेला खोका आज सकाळी तिथे नव्हता! हवा गेलेली सायकल होती, फुटकी बादली होती, तीन पायांची खुर्ची भिंतीला टेकून उभी होती. खोका तेवढा गायब!

"नीट बघितलंस का?" मोजपट्टीने विचारलं.

"एवढ्याशा खोलीत नीट काय बघायचं? खोका आहे तो, टाचणी नाही!"

"अडतीस सेंटिमीटर रुंद," मोजपट्टी म्हणाला. "म्हणजे टाचणी नक्कीच नाही."

मोजपट्टी शिंप्याचा मुलगा. वडिलांची जुनी मोजायची फीत कायम त्याच्या गळ्यात असायची, आणि समोर दिसेल ते मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तिखटचं खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीपटावर उरलं होतं. राग नाकाच्या शेंड्यावर घेऊनच ती जन्माला आली, असं तिची आई सांगायची. आणि तिसरा तिचा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा डिंक. एकदा मागे लागला की सुटत नाही, म्हणून डिंक!

"ताई, आता कप्तानला काय सांगायचं?" डिंकने हळूच विचारलं.

 तिखटलाही नेमका तोच प्रश्न पडला होता.

कप्तान म्हणजे या टोळीचा म्होरक्या. सात आठवड्यांपूर्वी उतारावर सायकलवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीजवळची खाट हेच त्याचं जग. पहिले काही आठवडे मित्र भेटायला आले की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. "झोप आलीय मला," एवढंच बोलायचा. शेवटी तिखट एक दिवस कात्री आणि अंड्यांचे रिकामे ट्रे घेऊन गेली आणि ते त्याच्या पोटावरच ठेवून म्हणाली, "नाताळची सजावट करायचीय. विकत काही आणायचं नाही, घरात असेल त्यातूनच. झोप आली असेल तर झोपेत काप!"

कप्तान हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा!

मग मंडळी कामाला लागली. अंड्यांच्या ट्रेच्या घंटा झाल्या. चहाच्या पुड्यांच्या आतल्या चंदेरी कागदाच्या साखळ्या झाल्या. मोजपट्टीच्या वडिलांकडची दोऱ्याची रिकामी रिळं रंगवून मेणबत्त्या तयार झाल्या. तिखटच्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून गोंडे बांधले. वर्तमानपत्रांच्या सुरळ्या एकमेकींत खोचून चांगलं कमरेएवढं, पण सुटं करून खोक्यात मावेल असं झाड उभं राहिलं. घंटांवर बर्फ दिसावा म्हणून गोंद लावून वर मीठ भुरभुरायचं ठरलं होतं. डिंकने भुरभुरली साखर!

"मीठ संपलं होतं!" तो म्हणाला होता.

"अरे शहाण्या, मुंग्या लागतील!" असं ओरडून तिखटने त्याच्या पाठीत एक धपाटाही घातला होता.

पण सगळ्यात भारी होता तो कप्तानचा तारा. सात आठवडे तो जेवढ्या गोळ्या गिळत होता, त्यांच्या रिकाम्या चंदेरी पट्ट्या त्याने जपून ठेवल्या होत्या. जाड पुठ्ठ्याचा तारा कापून त्यावर त्याने एकेक पट्टी चिकटवली. बारा पट्ट्या लागल्या. तेराव्या पट्टीसाठी मधोमध जागा मोकळी ठेवली.

"चोवीस तारखेला संध्याकाळी पाचला शेवटची गोळी," तो म्हणाला होता. "ती गिळली की तेरावी पट्टी रिकामी. ती लावायची आणि तारा समोरच्या खांबावर चढवायचा. मला खाली येता येत नाही ना, मग तो तरी माझ्यासमोर असू दे. तिखट, लावशील ना?"

"लावीन म्हणजे लावीनच!" तिखटने शब्द दिला होता. ताऱ्याची गोष्ट या चौघांशिवाय कुणालाच सांगायची नाही, असंही ठरलं होतं.

आज चोवीस तारीख होती. आणि खोका नव्हता.

* * *

अंगणात शिड्या लागल्या होत्या. वायरमनदादा खांबावर विजेच्या वायरी ओढत होते, आणि खाली उभे राहून सेक्रेटरीकाका हात नाचवत होते. "डावीकडे! अहो, माझ्या डावीकडे!" त्यांच्या पायाशी दुकानातून आलेल्या प्लास्टिकच्या माळांचा ढीग पडला होता.

इमारतीच्या समितीचे हे सेक्रेटरी मोठे विलक्षण गृहस्थ. कुणी काहीही विचारलं की फोनमधून मान वर न करता "हो हो, करा करा" म्हणायचे आणि पुढच्या क्षणी विसरून जायचे. सजावटीची परवानगी मागायला तिखट गेली होती, तेव्हाही ते असंच म्हणाले होते.

"काका, अडगळीच्या खोलीतला आमचा खोका कुठे आहे?"

"कुठला खोका?" काकांनी फोन वर केला आणि नजर खाली.

"सजावटीचा. तुम्ही 'करा करा' म्हणाला होतात."

"मी? कधी? मी कुठलाही खोका पाहिलेला नाही. ती खोली आज सकाळी साफ केली, तेव्हा तिथे काहीही नव्हतं. तुम्हीच कुठेतरी टाकला असेल! आणि काय गं, घराघरातला कचरा गोळा करून दारात टांगायचा, याला सजावट म्हणतात? लोक हसतील आपल्याला. गोळ्यांच्या पाकिटांचा तारा! उद्या म्हणाल बँडेजच्या माळा लावू! जा, खेळा जा."

तिखटच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कचरा! चार आठवडे बोटं चिकट करून घेतली, कात्रीने अंगठ्याला फोड आला, आणि हा माणूस सरळ कचरा म्हणतो! तिच्या ओठांवर असं काही आलं होतं, की ते बाहेर पडलं असतं तर आईने आठवडाभर घराबाहेर सोडलं नसतं. मोजपट्टीने तिचा हात धरून तिला जिन्यात ओढत नेलं.

"सोड! सोड मला! जाऊन सांगतेच त्यांना..."

"काय सांगशील? पुरावा काय आहे?"

तिखट पायरीवर आदळल्यासारखी बसली. डोक्याला नुसत्या मुंग्या आल्या होत्या. काका काय काय बोलले ते ती पुन्हा पुन्हा आठवत होती, आणि दर वेळी तिला नव्याने संताप येत होता. कचरा म्हणाले. लोक हसतील म्हणाले. गोळ्यांच्या पाकिटांचा...

ती ताडकन उभी राहिली.

"मोजपट्टी! मी त्यांच्यासमोर ताऱ्याचं नाव काढलं होतं?"

"नाही. तू फक्त सजावटीचा खोका म्हणालीस."

"मग तारा गोळ्यांच्या पाकिटांचा आहे, हे त्यांना कसं कळलं?"



"त्यांनी खोका उघडून बघितलाय!" डिंक ओरडला. "खोटं बोलले! मोठे असून खोटं बोलले!"

तेवढ्यात वरून हाक आली. "तिखट! ए तिखट! सगळं तयार आहे ना?"

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत कप्तान कोपरावर रेलून खाली बघत होता. तिखट अंगणात आली. चेहऱ्यावर बळेच हसू आणलं आणि मान वर करून म्हणाली, "एकदम तयार!"

"तारा दाखव ना एकदा!"

"आत्ता नाही. पाच वाजता!"

 कप्तान "बरं" म्हणाला आणि आत वळला. तो 'बरं' तिखटला ओळखीचा होता. 'झोप आलीय मला' म्हणायचा, त्याच आवाजातला होता तो. आता तिला नुसता काकांचा नाही, स्वतःचाही राग आला. त्या माणसाच्या खोटेपणापायी तिलाही मित्राशी खोटं बोलावं लागलं होतं!

"खोका इमारतीतच असणार," ती दात आवळून म्हणाली. "कचऱ्याची गाडी परवाच येऊन गेली, आता दोन दिवस येणार नाही. शोधायचा! प्रत्येक कोपरा शोधायचा!"

* * *

गच्ची झाली. पाण्याच्या टाकीमागची जागा झाली. समितीच्या कचेरीतही डोकावून झालं. साडेतीन वाजले तरी पत्ता नाही! अडगळीच्या खोलीसमोर येऊन डिंक फतकल मारून बसला, आणि दुसऱ्याच क्षणी "आई गं!" करून उठला.

"मुंगी चावली!"

"आता मुंग्यांचं काय घेऊन बसलास?" तिखट खेकसली. मग तिचं लक्ष फरशीकडे गेलं. अडगळीच्या खोलीच्या उंबऱ्यापासून मुंग्यांची एक रांग निघाली होती. बारीक, काळी, अगदी शिस्तीत. मधूनमधून एखादी मुंगी पांढरा कण घेऊन उलटी येत होती.

तिखटने बोटावर एक कण उचलला आणि जिभेला लावला.

साखर!

"डिंक!" तिने त्याला मिठीच मारली. "शहाण्या! गाढवा! तुझी साखर!"

"मीठ संपलं होतं," डिंक घाबरून म्हणाला. त्याला वाटलं, आता दुसरा धपाटा बसतोय.

खोका नेताना घंटांवरची साखर वाटभर सांडली होती. तिघे ओणवे होऊन रांगेमागे निघाले. रांग भिंतीच्या कडेने गेली, कोपऱ्यावर वळली आणि एका हिरव्या दाराच्या फटीतून आत शिरली.

"नऊ मीटर चाळीस," मोजपट्टीने फीत गुंडाळली. "मीटरची खोली."

दाराला कुलूप होतं. किल्ली एकाच माणसाच्या खिशात असायची. ते कोण, हे सांगायला नकोच!

"काका, मीटरची खोली उघडता?" तिखटने अंगणात जाऊन विचारलं.

काकांचा चेहरा एकदम बदलला. "मीटरची खोली? कशाला? आत वीज आहे! तो काही मुलांचा खेळ नाही. चला, पळा!"

तिखटचे हात शिवशिवले. ओरडावं, त्यांचा तो फोन हिसकावून घ्यावा, सगळी इमारत गोळा करावी! पण मोजपट्टीचं वाक्य तिच्या डोक्यात बसलं होतं. पुरावा काय आहे? तिने एक मोठा श्वास घेतला, राग गिळला आणि आयुष्यात कधी नव्हे एवढ्या गोड आवाजात वायरमनदादांना हाक मारली.

"दादा, मीटरच्या खोलीत मुंग्यांची भलीमोठी रांग शिरतेय. त्या विजेच्या पेटीत गेल्या तर काही होतं का हो?"

वायरमनदादा शिडीवरून उतरून थेट हिरव्या दाराशी आले. "पेटीत मुंग्या? अहो, त्या बटणांत जाऊन बसल्या तर ठिणग्या उडतील! साहेब, आधी खोली उघडा. पेटी बघितल्याशिवाय मी एक दिवा जोडणार नाही."

"अहो, मुलं काहीही सांगतात..."

"मुलं सांगत असतील, पण रांग मला इथून दिसतेय. उघडा!"

"काय चाललंय?" मागून खणखणीत आवाज आला. समितीच्या अध्यक्षा हेडबाई काठी टेकत येत होत्या. तीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी त्या आल्या की मोठी माणसंसुद्धा नकळत सरळ उभी राहायची. त्यांनी रांग पाहिली, कुलूप पाहिलं आणि सेक्रेटरीकाकांकडे पाहून फक्त हात पुढे केला.

काकांनी मुकाट्याने किल्ली दिली.

दार उघडलं. मीटरच्या पेटीत एकही मुंगी नव्हती. सगळ्या कोपऱ्यातल्या खोक्यावर होत्या! खोक्यावर जुन्या माळांचं जड बोचकं ठेवलेलं होतं. तिखटने ते बाजूला ढकललं. खोक्यातून वर आलेलं ताऱ्याचं टोक काटकोनात मोडून खाली लोंबत होतं.

आणि मग तिखटने गिळलेला सगळा राग एकदम वर आला.

"तुम्ही म्हणालात खोका पाहिलाच नाही! उघडून बघितलात, आणि वर आम्हालाच म्हणालात, तुम्हीच टाकला असेल! का? का खोटं बोललात?"

"हे बघ, आवाज खाली," काका घाम पुसत म्हणाले. मग त्यांना काहीतरी सुचलं. ते खोक्याकडे बोट दाखवून जवळजवळ आनंदानेच म्हणाले, "बाई, तुम्हीच वाचा! काय लिहिलंय यावर? यांनीच लिहिलंय! मग मी काय समजायचं?"

हेडबाईंनी चष्मा सावरला. खोक्याच्या झाकणावर डिंकच्या वेड्यावाकड्या, हातभर अक्षरांत एकच शब्द दिसत होता.

टाकाऊ.

  तिखटच्या लक्षात आलं, आणि तिचा चेहरा उतरला. खोक्याच्या झाकणाच्या दोन बाजूंना ही मंडळी कान म्हणत. तारा एक्केचाळीस सेंटिमीटरचा, खोका अडतीसचा. काल संध्याकाळी झाकण लागेना, म्हणून तिने स्वतःच उजवा कान बाहेरच्या बाजूला दुमडला होता. डिंकने एवढ्या मेहनतीने दोन कानांवर लिहिलेलं अर्धं नाव त्याच्यासोबत खाली गेलं होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "हा कान मी दुमडला. पण काका, तुम्ही एवढा नुसता उचलून बघायचा होता!"

तिने दुमडलेला कान वर उचलून सरळ केला. आता अक्षरं पूर्ण झाली.

टाकाऊपासून टिकाऊ.

"आणि समजा, तुम्हाला टाकाऊ वाटलं," तिखट पुढे म्हणाली, "तरी आत बघितल्यावर काय दिसलं? घंटा दिसल्या ना? झाड दिसलं ना? त्या ताऱ्यावर एकेक पट्टी म्हणजे आमच्या मित्राने खाटेवर काढलेले दिवस आहेत! त्याला खाली येता येत नाही, म्हणून तो तारा त्याच्या खिडकीसमोर लावायचा होता. आज, पाच वाजता! आणि तुम्ही त्यावर बोचकं ठेवलंत! तुमच्यामुळे मी त्याला सगळं तयार आहे म्हणून सांगितलं. मी त्याच्याशी कधी खोटं बोलत नाही!"

तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही तिला भयंकर राग येत होता.

काकांनी नजर आपल्या चपलांकडे वळवली. मग हळू आवाजात म्हणाले, "आत बघितलं तेव्हाच कळलं होतं मला, की हा कचरा नाही. पण उचलताना तारा मोडला. तुम्ही विचारायला आलात, तेव्हा कबूल करायची लाज वाटली. म्हटलं, नंतर गुपचूप... चुकलं माझं."

हेडबाईंनी काठी फरशीवर आपटली. "जन्मभर मी मुलांची कानउघाडणी केली. खोक्याचा कान उघडून मोठ्या माणसाची कानउघाडणी झालेली आज पहिल्यांदा पाहिली! सेक्रेटरी, फोन द्या इकडे. बसा खाली. आणि हे टोक जोडा. पाचला अजून तासभर आहे."

"मी? मला हे असलं येत नाही हो."

"ही मुलं शिकवतील."

मग सगळ्या इमारतीने तो देखावा पाहिला. सेक्रेटरीकाका जिन्याजवळ मांडी घालून बसले होते. बोटं गोंदाने चिकटलेली. मोजपट्टी मोडलेल्या टोकामागे पुठ्ठ्याची पट्टी मोजून कापत होता. डिंक घंटांवरच्या मुंग्या फुंकरीने उडवत होता, आणि तिखट समोर उभी राहून दरडावत होती. "एवढा गोंद नाही! घट्ट दाबा! अजून! सोडू नका!" तिचा राग अजून पुरता गेला नव्हता, आणि तो गेलाय असं दाखवायची तिला काही गरजही वाटत नव्हती. वायरमनदादांनी प्लास्टिकच्या निम्म्या माळा उतरवल्या आणि त्यांच्या जागी चंदेरी साखळ्या आपल्या हाताने बांधल्या. कागदाचं झाड हेडबाईंनी दारातच ठेवायला लावलं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना तिखट खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

"कप्तान! सकाळी मी खोटं बोलले. खोका हरवला होता. तारा मोडला होता. आता जोडलाय. जोड दिसतोय, पण पक्का आहे!"

खिडकीत कप्तानचं डोकं आलं.

"मला माहीत होतं, काहीतरी बिनसलंय ते," तो म्हणाला. "तू हसत हसत बोललीस. तू कधी हसत बोलतेस का?"

सगळं अंगण हसलं. मग कप्तानने सगळ्यांना दिसेल अशी शेवटची गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला आणि रिकामी पट्टी कपडे वाळत घालायच्या चिमट्याला लावून दोऱ्याने खाली सोडली. तिखटने ती झेलली आणि ताऱ्याच्या मधल्या मोकळ्या जागेवर चिकटवली. तेरावी!

शिडीवर चढायला वायरमनदादा पुढे झाले, पण सेक्रेटरीकाकांनी त्यांना थांबवलं. "मी लावतो," ते म्हणाले आणि तारा दोन्ही हातांनी छातीशी धरून खांबापर्यंत आले. खांबाला टेकवलेल्या शिडीवर एकेक पायरी चाचपत ते वर चढले.

दिवे लागले. बारा अधिक एक पट्ट्या झगमगल्या. वरून कप्तानने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की पाठीमागच्या इमारतीतले लोकही गच्चीवर आले!

"शाब्बास, मुलांनो!" हेडबाई म्हणाल्या. "गुप्तहेर बरेच पाहिले. पण साखर चाखून आणि राग गिळून चोरी पकडणारे आजच पाहिले. डिंक, पुढच्या वर्षीही साखरच लाव हो!"

डिंक अर्धा फूट उंच झाला. मोजपट्टीने मोजूनच सांगितलं तसं!

काका शिडीवरून उतरले. त्यांनी रिकामा खोका हातात घेतला. मग तिखटजवळ येऊन, फोन नाही, काही नाही, सरळ तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हा खोका पुढच्या वर्षासाठी ठेवायचा ना? कुठे ठेवू?"

तिखटने त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"कचेरीत," ती म्हणाली. "तुमच्या टेबलावर. आणि दोन्ही कान उघडे ठेवून!"